पायरेट्स दरवर्षी हरतात, तरी पिट्सबर्गचे लोक ‘या वर्षी नक्की’ असं का म्हणतात?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी पिट्सबर्गला येऊन आठ महिने झाले आणि मार्च लागल्यापासून ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य आहे: या वर्षी पायरेट्स नक्की. या बेसबॉल संघाचा इतिहास बघितल्यावर तुम्हाला प्रश्न पडलाय की ही आशा खरी की नुसती सवय, आणि सामन्यांची तिकिटं काढण्यात अर्थ आहे का.

तिकिटं काढा. का, ते सविस्तर सांगते.

मी सांगलीची. 2006 साली इथे शिकायला आले आणि इथलीच झाले. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे ‘जिंकणं’ या शब्दाचा इथला अर्थ. एका हंगामात 162 सामने असतात, जवळजवळ रोज एक. उत्तम संघही त्यातले साठ-सत्तर हरतो. 162 चे अर्धे म्हणजे 81, आणि 82 जिंकले की झाला ‘विनिंग सीझन’. पिट्सबर्गकर ज्याची आस धरून बसतात ती करंडकाचीच असते असं नाही. हारीपेक्षा जीत एकाने जास्त असावी, एवढंच त्यांचं मागणं असतं.

आणि एवढंही या गावाला ओळीने 20 वर्षं मिळालं नाही. 1993 ते 2012. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत कुठल्याच संघाच्या वाट्याला इतका लांब वनवास आलेला नाही. त्याची सुरुवात सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. 14 ऑक्टोबर 1992, अटलांटा. वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम लढतीला, कोण जाणार हे ठरवणारा शेवटचा सामना. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात पायरेट्स 2-0 पुढे. दोन आउट झाले तरी अजून 2-1 पुढेच, एकच आउट हवा. तेवढ्यात अटलांटाच्या फ्रान्सिस्को कॅब्रेरा नावाच्या बदली खेळाडूचा फटका डावीकडे गेला. बरोबरीची धाव झाली आणि तिच्या मागून सिड ब्रीम धावला. तो पूर्वी पायरेट्सचाच खेळाडू, गुडघ्याची ऑपरेशनं झालेला, संथ. पायरेट्सचा हुकमी खेळाडू बॅरी बॉन्ड्स याची फेक आली, पण ब्रीम घसरत आधी पोचला. 3-2. त्या हिवाळ्यात बॉन्ड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला, आणि मग वीस वर्षं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे, पिट्सबर्गजवळच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात उमेदीची वर्षं काढलेले. कारखाना 1986 मध्ये बंद पडला. संध्याकाळी ते ओट्यावर रेडिओ लावून बसत, मांडीवर फळकुटाला लावलेलं स्कोअरकार्ड आणि कानावर पेन्सिल. मला स्कोअर लिहायला त्यांनी शिकवलं. प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर (चेंडू टाकणारा) 1, कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) 2, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) 6. बेस म्हणजे धाव काढताना गाठायचे टप्पे. चेंडू शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्या बेसवर गेला आणि दोघं बाद झाले, की 6-4-3. तीन स्ट्राइक, म्हणजे फलंदाजाने चुकवलेले किंवा सोडलेले योग्य चेंडू, झाले की तो बाद आणि खूण ‘के’; बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक सोडला तर ‘के’ उलटा लिहायचा. संघ दहाने मागे असला तरी ते शेवटचा चौकोन भरल्याशिवाय उठत नसत. मी एकदा विचारलं, आता कशाला लिहिताय? ते म्हणाले, उद्याचा कागद कोराच असतो, पण आजचा अर्धा ठेवायचा नाही.

2012 ने तर जीवच घेतला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर संघ 63 जिंकलेला आणि 47 हरलेला. उरलेल्या 52 पैकी फक्त 19 हवे होते, मिळाले 16. हंगाम संपला 79 वर. त्या सप्टेंबरात आजोबांशी बेसबॉलचा विषय काढवत नव्हता.

2013 मध्ये 3 सप्टेंबरला 81 झाले, आणि पुन्हा ओळीने चार हारी. आमच्या गल्लीत कोणी मोठ्याने बोलेना. मग 9 तारखेला टेक्ससमध्ये सामना. समोरचा पिचर यू दारविश, आमचा गेरिट कोल, त्याचं पहिलंच वर्ष. सगळ्या सामन्यात धाव झाली एकच. पेद्रो आल्वारेझचा दोन बेसचा फटका, मार्लन बर्ड धावत घरी पोचला, म्हणजे धाव झाली, 1-0. शेवटचा आउट झाला तेव्हा आजोबांनी नेहमीसारखा चौकोन भरला, कागदाच्या कोपऱ्यात 82 लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. पेन्सिलीचं टोक मोडलं. मग डोळे पुसले. मी तोवर त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

1 ऑक्टोबरला सिनसिनाटीविरुद्ध घरच्या मैदानावर एकाच सामन्याची बाद फेरी होती. आख्खं मैदान काळे कपडे घालून आलेलं. चाळीस हजार लोक समोरच्या पिचरचं नाव हेल काढून ओरडत होते, ‘क्वे-टो, क्वे-टो’. क्वेटोच्या हातातून चेंडू खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर आमच्या रसेल मार्टिनने होमरन मारला, म्हणजे आपल्या षटकारासारखा चेंडू थेट बाहेर. 6-2. पुढच्या फेरीत सेंट लुईसकडून हरले, पण त्याचं दुःख कोणी फारसं धरलं नाही.

त्या यशाला चमत्कार म्हणू नका. मैदानात क्षेत्ररक्षक कुठे उभे करायचे हे त्यांनी आकडेमोडीने ठरवलं, पिचरना चेंडू खाली ठेवायला लावला आणि मार्टिनसारखा कॅचर आणला, ज्याच्या हातात काठावरचे चेंडूही स्ट्राइक दिसत. त्यावर अँड्र्यू मकचनची बॅट. त्या वर्षी नॅशनल लीगचा (दोन मोठ्या लीगपैकी पायरेट्सच्या लीगचा) सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. 2015 मध्ये 98 जिंकले. मग पुन्हा उतरण लागली. 2018 चे 82 हे शेवटचे. 2021 ला 101 आणि 2022 ला 100 हारी.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. आजच्या आशेला नाव आहे, पॉल स्कीन्स. 2024 मध्ये आला आणि सर्वोत्तम नवोदित ठरला. 2025 ला साय यंग पुरस्कार, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम पिचर. नऊ डावांमागे त्याने सरासरी दोन धावाही दिल्या नाहीत. तरी त्याच्या नावावर (सामन्याचा निकाल इथे एका पिचरच्या नावावरही लिहितात) 10 विजय आणि 10 पराभव, आणि संघाचे 71 विजय. या एका ओळीत संघाचं सगळं दुखणं आलं: फलंदाजच नाहीत. या खेळात संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा नाही. लॉस एंजेलिससारखे संघ पाण्यासारखा पैसा ओततात आणि पायरेट्स सर्वांत कमी खर्च करणाऱ्यांत असतात. मालकांनी संघ विकावा म्हणून प्रेक्षक घोषणा देतात. त्यांचा राग मला पूर्ण रास्त वाटतो. गावाने जीव लावायचा आणि खर्चाची वेळ आली की हात आखडायचा, हे बरोबर नाही.

तरीही 82 अशक्य आहेत असं मी म्हणणार नाही. पिचिंग खरोखर चांगलं आहे, आणि 2012 च्या 79 वरून 2013 च्या 94 वर जायला एकच हिवाळा लागला होता. दोन भरवशाचे फलंदाज मिळाले तर पाच-सात सामने असे फिरतात.

आपल्या माणसांसाठी आणखी एक धागा: अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल क्लबशी करार करणारे पहिले दोन भारतीय, उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, 2008 मध्ये याच पायरेट्सकडे आले होते. दोघंही मूळचे भालाफेकपटू. मुख्य संघापर्यंत ते पोचले नाहीत, पण रिंकू काही वर्षं खालच्या लीगमध्ये खेळला.

जमलं तर स्कीन्स पिचिंग करणार असेल तो दिवस निवडा. साधारण पाच-सहा दिवसांनी त्याची पाळी येते. गाडी डाउनटाउनलाच ठेवा आणि रॉबर्टो क्लेमेंटे पुलावरून चालत जा. सामन्याच्या वेळी पूल गाड्यांना बंद असतो, सगळं गाव पायी नदी ओलांडतं. क्लेमेंटे हा पायरेट्सचा थोर खेळाडू. तो 1972 च्या 31 डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला आणि विमान कोसळून गेला. त्याचा शर्ट 21 नंबरचा, म्हणून उजवीकडची भिंत 21 फूट उंच बांधली आहे. तिसऱ्या बेसच्या बाजूला वरच्या मजल्यावर बसा, तिकीट स्वस्त पडतं आणि नदी, पूल, गावातल्या इमारती सगळं समोर दिसतं.

आजोबा आता नाहीत. त्यांचं फळकूट माझ्याकडे आहे, आणि या मोसमासाठी कोऱ्या स्कोअरकार्डांचा गठ्ठा त्याला लावून ठेवलाय. तुम्ही आलात तर एक कागद तुमच्यासाठी काढून ठेवेन.