चप्पल सुलटी पडायची संभाव्यता निम्मीच धरायची का?

भाऊ, तुमच्या मुलीने दहावीच्या प्रकल्पासाठी कोल्हापुरी चप्पल अंगणात ४३ वेळा उडवली. २६ वेळा सुलटी, १४ वेळा उलटी, ३ वेळा भिंतीला टेकून उभी. तिने २६/४० म्हणजे ०.६५ लिहिलं आणि सरांनी शेरा मारला, 'शक्यता दोनच, म्हणून १/२.'

सरांचं नाण्याला चालेल, चपलेला नाही. १/२ म्हणायला दोन्ही निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या लागतात. इथं खाली जाड कातड्याचा तळ, वर नुसता पट्टा आणि अंगठा. (उलटी पडली की घरात भांडणं होतात म्हणे, तो हिशेब वेगळा!) असल्या वस्तूला मोजण्यावाचून इलाज नाही. जितक्या वेळा घडलं, भागिले एकूण खेपा.

माझी हरकत त्या ४० ला आहे. तीन खेपा गेल्या कुठं? भिंत नको असेल तर मोकळ्यावर उडवायची, किंवा 'भिंतीला लागली तर धरायची नाही' हे आधी वहीत लिहायचं. निकाल बघून गाळायचं नाही. आता उभी हीसुद्धा निष्पत्तीच. २६/४३, १४/४३, ३/४३, म्हणजे साधारण ०.६०, ०.३३, ०.०७.

यात इकडंतिकडं किती होईल? ढोबळ हिशेब १/√n, n म्हणजे एकूण खेपा. ४३ खेपांना ०.१५. म्हणजे सुलटीचा खरा आकडा ०.४५ ते ०.७५ मध्ये कुठंही असू शकेल. तेव्हा सरांचं उत्तर चुकलं असंही छातीठोक म्हणता येत नाही, कारण मात्र चुकलं. ही तफावत निम्मी करायला खेपा चौपट, १७२. कंटाळा येईल, पण जॉन केरिच नावाच्या गणितज्ञाने दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये कैदेत असताना नाणं १०,००० वेळा उडवलं होतं. पहिल्या १०० मध्ये छापा ४४, शेवटी ५०६७.

मी स्वतः यात तोंडघशी पडलोय. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत तपासणीला होतो. नव्या पॅटर्नचे (साच्याच्या नमुन्याचे) ३० नग बघितले, एकही रिजेक्ट नाही. रजिस्टरला ऐटीत 'रिजेक्शन ०%' लिहिलं. पुढच्या लॉटमध्ये ब्लो होलचे, म्हणजे ओतताना हवेची पोकळी राहिलेले नग निघाले आणि साहेबांनी तेच पान उघडून समोर धरलं. रिजेक्शन खरोखर १०% असलं तरी सलग ३० नग चांगले निघणं शंभरात चारेकदा घडतं, हे तेव्हा कुठं माहीत होतं! तिथूनच मी ०/३० असं लिहायला लागलो, म्हणजे किती नग बघितले तेही दिसतं. मुलीच्या वहीतही २६/४३ तसंच राहू द्या, दशांश शेजारी लिहा.