जुनी ओमनी घाटात तापते आणि पाणीही कमी होते. इंजिनकाम करावे की गाडी विकावी?

आपल्या प्रश्नानुसार 2007 सालची ओमनी सपाट रस्त्यावर ठीक चालते, परंतु घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो, आठवड्याला सुमारे अर्धा लिटर पाणी घालावे लागते, आणि मेकॅनिकने काहीही न तपासता ‘इंजिन हाफ करावे लागेल’ (म्हणजे इंजिन खोलून हेड आणि पिस्टन-रिंगांचे काम) असे सांगितले आहे. पाणी नेमके कुठे जाते हे कळेपर्यंत आपण त्या कामाला होकार देऊ नये, असे मला वाटते.

ओमनीचे 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. त्यामुळे येता-जाता त्यावर नजर पडत नाही, आणि पाइपाच्या एखाद्या जोडातून झिरपणारे पाणी गरम धातूवरच सुकून जाऊन मागे फक्त पांढरट डाग उरतो. आसन उचलून असे डाग शोधावेत. वॉटर पंपाखालची जागाही पाहावी. गाडी एलपीजीवर असेल तर रिड्यूसरकडे (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या नळ्या विसरू नयेत, कारण गॅसचे बाष्पीभवन होण्यासाठी इंजिनचे गरम पाणीच तिथे फिरवलेले असते.

त्यानंतर रेडिएटरचे झाकण पाहावे, मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच. हे झाकण आतला दाब धरून ठेवते आणि दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या पुढे गेल्यावर उकळते. त्याचे रबर कडक झाले की पाणी लवकर उकळून रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीत जाते व तिथून सांडते. इतर कामांच्या मानाने झाकण फारच स्वस्त असते, म्हणून ते आधी बदलून पाहण्यात नुकसान नाही. फक्त घाटातच गाडी तापण्यामागे पंखाही असू शकतो. सपाट रस्त्यावर वेगामुळे रेडिएटरला वारा मिळतो, तर घाटात खालच्या गिअरमध्ये इंजिनवर भार अधिक आणि वारा कमी, म्हणजे सगळी भिस्त पंख्यावर. गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवावे आणि काटा मध्याच्या वर जाण्याआधी पंखा फिरू लागतो की नाही ते पाहावे.

हे सर्व ठीक निघाले आणि तरीही पाणी कमी होत राहिले, तरच संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधल्या सीलवर, घ्यावा. त्याच्या खुणा बऱ्यापैकी स्पष्ट असतात: थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी न थांबणारे बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा, इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर, आणि तीनपैकी एखादाच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ. यांपैकी दुधाळ चिकट्यावर एकट्यावर मी विसंबणार नाही, कारण पावसाळ्यात रोज चार-दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीतही तो दिसतो.

माझ्या स्वतःच्या जुन्या व्हॅनमध्ये एका मेकॅनिकने ‘आपल्याकडच्या उन्हात याची गरज नाही’ म्हणून थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याचा प्रवाह उघडणारी झडप) काढून टाकला होता आणि मी कूलंटऐवजी बोअरचे पाणी घालत राहिलो. दोन वर्षांत रेडिएटरच्या नळ्या क्षाराने भरल्या. कुंभार्ली घाटात शेजारी बसलेली आई ‘आसन फार तापलंय रे’ असे दोनदा म्हणाली, मी मात्र काट्यावर विश्वास ठेवला. पाणी फारच कमी झाले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटे सांगतो, हे मला नंतर कळले. ॲल्युमिनियमचे हेड वाकले होते. फेसिंग (हेड घासून सपाट करणे) आणि नवे गॅस्केट एवढ्यावर काम भागले, पिस्टनला हात लावावा लागला नाही.

आपल्याकडेही केवळ गॅस्केट गेले असेल तर दुरुस्ती करावी, मात्र हेड सपाट आहे का हे तपासल्याशिवाय नवे गॅस्केट बसवू देऊ नये. सोबत निळा धूर आणि ऑइलची घटही असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असू शकतात, आणि मग खर्चाचा विचार नोंदणीसह करावा लागेल: खाजगी गाडीची पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी पाच वर्षांचीच असते, त्यामुळे आपल्या आरसी बुकावर किती मुदत उरली आहे ते आधी पाहावे. तोवर गाडी घाटात नेऊ नये, आणि काटा चढलाच तर बाजूला थांबून इंजिन बंद करावे; तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, कारण त्याने हेडला तडा जाऊ शकतो.