सही करण्याआधी, ताई

ताई, नवरा गेल्यावर दीर म्हणतील, "वहिनी, सातबाऱ्यावर वारस नोंद लावायचीय, इथं सही करा." कागद आधी घरी आणून नीट वाचा. वारस नोंद म्हणजे गेलेल्या माणसाच्या जागी वारसांची नावं लावणं; हक्कसोडपत्र म्हणजे आपला हिस्साच सोडून दिल्याचा कागद. हक्कसोड एकदा दुय्यम निबंधकाकडे नोंदला की परत फिरवणं फार अवघड. माझ्या मावसबहिणीनं भावांवर विश्वास टाकून अंगठा दिला. आज ती भाड्याच्या खोलीत राहते. आठवलं की अजून जीव तुटतो.

अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांच्या नावावरची जमीन आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदाच आहे तसा. म्हणून सातबाऱ्यावर मुलांची नावंही लावून घ्या. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची, नोटीस आली आणि त्यात काही चुकीचं दिसलं तर तलाठ्याकडे मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या. वकिलाच्या पैशाला घाबरू नका. तालुका विधी सेवा समितीकडून महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.