जुन्या चेनसॉमधून पेट्रोल गळतंय, टाकी बदलू की मशीनच विकून टाकू?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मशीन बारा वर्षं जुनं आहे, चालवताना गळत नाही पण उभं ठेवलं की तासाभरात खाली पेट्रोलचा डाग पडतो, आणि मिस्तरी म्हणतो टाकी गेली. टाकीला हात लावू नका, मिस्तरी बदला. चालवताना गळत नाही म्हणून तुम्ही निश्चिंत आहात, पण खरा धोका तिथेच आहे. पेट्रोलची नळी टाकीतून निघून कार्बोरेटरला जाते, तिला टाकीच्या बाहेर भेग असली की मशीन उभं असताना त्या भेगेतून पेट्रोल बाहेर येतं आणि चालू असताना त्याच भेगेतून हवा आत ओढली जाते. पेट्रोल कमी हवा जास्त, म्हणजे पेट्रोलात मिसळलेलं तेलही कमीच, मशीन तापतं आणि पिस्टन जातो. आमचा गेला म्हणून सांगतोय.

आमचं गाव चोपडा तालुक्यात. आबांनी २००८ साली चेनसॉ घेतला, बांधावरच्या बाभळी तोडायला आणि गावात कोणाचं झाड पडलं तर मदतीला, आबा स्वतः सोडून कोणाला हात लावू द्यायचे नाहीत त्याला. ते गेल्यावर मशीन माझ्याकडे आलं. २०१७ ची आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन आठेक दिवस झाले असतील, संध्याकाळी वादळ झालं आणि गोठ्यावर निंब आडवा झाला. म्हैस वाचली, पत्रे गेले. दादा सुरतला असतो, आखाजीला आलेला तो थांबलेलाच होता. सकाळी दोघं मिळून कापायला घेतलं. त्याच्या आधी महिनाभर मशीनखाली डाग पडायचा, मी गॅरेजला दाखवलं होतं, त्यानं टाकीच्या सांध्यावर एपॉक्सी कालवून फासलं, कार्बोरेटरचा स्क्रू जरा फिरवून आवाज बसवला आणि दीडशे रुपये घेतले. डाग दोन दिवस थांबला. तिसऱ्या दिवशी परत.

तर कापता कापता अकरा वाजले, ऊन ४४ च्या पुढे, मशीन मधेच रेस न देता चढायचं, चढून किंचाळायचं आणि लाकडात घातलं की दबायचं. मी म्हटलं बंद करू, दादा म्हटला जाडा बुंधा तेवढा होऊन जाऊ दे. बुंधा अर्धा झाला आणि मशीन चूप. दोरी ओढली तर ओढलीच जाईना, दगड. सायलेन्सर काढून आत बघितलं तर पिस्टनला सायलेन्सरच्या बाजूनं उभ्या रेघा, नखानं जाणवतील एवढ्या. दादानं तिथेच चार माणसांसमोर निकाल दिला, "तेलच कमी पडनं व्हई." म्हणजे मी तेल कमी मिसळलं. वहिनीपासून मामापर्यंत सगळ्यांना हेच सांगितलं, आबांनी नऊ वर्षं सांभाळलेलं मशीन यानं एका दिवसात संपवलं.

तेल मी कमी घातलं नव्हतं. गुरांच्या इंजेक्शनची २० मिलीची सिरिंज आहे घरात, एक लिटर पेट्रोलला त्या दोन भरून, म्हणजे ४० मिली, पंचवीसला एक. माझा हात त्यात कधी चुकला नाही. पण चार माणसांत कोण ऐकतं?

पुढच्या महिन्यात मी मशीन स्वतः खोललं. टाकी पूर्ण रिकामी करून वाळवली, कार्बोरेटरकडचं नळीचं टोक मोकळं केलं आणि त्याला बीपी बघायच्या मशीनचा फुगा आणि काटा जोडला (हवा भरायचा पंप लावू नका, त्याचा जोर जास्त असतो). झाकण लावलेलं, हवा घ्यायचं भोक बोटानं दाबलेलं, काटा दोनशेपर्यंत नेला. टिकायला पाहिजे. टिकला नाही, बघता बघता शून्य. मग साबणाचं पाणी सगळीकडे लावलं. ज्या सांध्याला एपॉक्सी फासलं होतं तिथे एक बुडबुडा नाही. बुडबुडे आले ते नळी टाकीच्या भोकातून बाहेर येऊन वाकते तिथून. ती नळी बोटांत धरून वाकवली तर वरच्या अंगाला वाळलेल्या चिखलासारख्या तडा उघडल्या. सुटी ठेवली तर सरळ चांगली दिसते, वाकवल्याशिवाय काहीच कळत नाही. मिस्तरीनं ती वाकवून बघितली असती तर आमचा पिस्टन आज जिवंत असता.

नवीन नळी शंभरच्या आत आली. पिस्टन आणि सिलेंडरला काही हजार गेले. मशीन आज २०१७ पासून चालू आहे.

आता तुमचं काम. आधी पेट्रोलच गळतंय ना ते बघा, बरेच लोक चेनचं तेल गळतं त्यालाच पेट्रोल समजतात, ते चिकट असतं आणि त्याला पेट्रोलचा वास नसतो. पेट्रोल असेल तर मशीन पुसून कोरडं करा, टाकी भरा आणि सावलीत कागदावर वेगवेगळ्या कुशीवर ठेवा, ओल कुठून सुरू होते ते दिसेल. नळीच असणार बहुतेक, वाकवून बघा. बदलताना पेट्रोलसाठीचीच रबरी नळी घ्या, जुना तुकडा दुकानात घेऊन जा आणि आतला बाहेरचा दोन्ही घेर जुळवा. सलाईनची नळी लावू नका, आमच्याकडे सर्रास लावतात, पेट्रोलमध्ये ती थोड्या दिवसांत काडीसारखी कडक होते. नवी नळी टाकीच्या भोकात सहज जात असेल तर ती बारीक आहे, घट्ट बसली पाहिजे, तीच तिथली पॅकिंग. टोक तिरकं कापा, गरम पाण्यात धरा, तारेनं ओढून घ्या, आतलं फिल्टर त्याच वेळी नवीन टाका. कुठेही डिंक, सील, एपॉक्सी काही नाही.

नळी चांगली निघाली तर झाकणाची रिंग बघा, मग टाकीचं हवेचं भोक, मग कार्बोरेटरची सुई आणि पडदा. उन्हात टाकीत दाब होतो, आणि सुई नीट बसत नसेल तर पेट्रोल कार्बोरेटरमधून एअर फिल्टरकडे येतं, मग गळती तिथून दिसते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या मशीनच्या रबराला ते मानवत नाही, त्यामुळे काम नसेल तेव्हा टाकी रिकामी करून मशीन ते पेट्रोल संपेपर्यंत चालवून ठेवा.

विकायचं की नाही ते मी सांगू शकत नाही, पार्ट तुमच्या भागात मिळतात का त्यावर आहे. पण गळतीसाठी विकू नका. आणि गळती सापडेपर्यंत ते चालूही करू नका, "तेवढा एक बुंधा" असं घरातलं कोणी म्हटलं तरी नाही. बंधूंनो, ज्यांच्या घरी मशीन जाम झालंय त्यांनी माणसावर बोट ठेवण्याआधी नळी वाकवून बघा. आमची तडकलेली नळी मी अजून त्या सिरिंजच्या डब्यात ठेवलीय, दादा आला की दरवर्षी काढतो, तो हातात घेत नाही.

हे राहिलं सांगायचं, खोलायच्या आधी मशीन पूर्ण थंड होऊ द्या, सायलेन्सर तापलेला असेल तर एक थेंब पुरतो, आणि घरात चुलीजवळ किंवा गॅसजवळ हे काम नको. प्लास्टिकची टाकी पडून खरंच चिरलेली असेल तर तिला कशानंही जोडू नका, तिथे मिस्तरीचं बरोबर, टाकी बदला.