पोराचा ट्रॅक्टर विमानाला घासला, आता वावर जाईल का?

प्रश्न (समुद्रपूर तालुक्यातील एक शेतकरी): माझा 24 वर्षांचा मुलगा विमानतळावर ठेकेदाराकडे बॅगांच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालवतो. मागच्या महिन्यात तो उभ्या, रिकाम्या विमानाच्या पोटाला घासला. मुलाच्या दारूच्या तपासणीत काही निघालं नाही. ब्रेक नीट लागत नाही, असं त्यानं सकाळीच सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर कळवलं होतं. ठेकेदारानं दोन महिन्यांचा पगार अडवला, मुलाची कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही घेतली, माझा कोरा चेक आणि सातबाराही नेला. 40 लाख भरा, नाहीतर वावर विका म्हणतो.

उत्तर: काकाजी, आधी सातबाऱ्याचं सांगतो, कारण झोप त्यानंच उडाली असेल. तो उतारा कोणीही ऑनलाइन काढू शकतो. ठेकेदाराच्या खिशात असला म्हणून वावर त्याचं होत नाही. मुलगा सज्ञान आहे; तुम्ही लेखी जामीन राहिला नसाल, तर त्याची देणी तुमच्यावर येत नाहीत. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलाच्या हिश्श्याचा प्रश्न निघू शकतो, पण तोही कोर्टात दावा होऊन डिक्री झाल्यावर. फोनवर दम देऊन नाही.

विमान म्हणजे आपला ट्रॅक्टर नव्हे, की वेल्डिंग मारलं आणि दुपारी पुन्हा वावरात. इंजिनिअरनं तपासून सही केल्याशिवाय ते उडत नाही; म्हणून खरचटलं तरी बिल फुगतं. पण ड्युटीवरच्या चुकीसाठी विमान कंपनीचा दावा आधी कामावर ठेवणाऱ्यावर, म्हणजे ठेकेदारावर येतो, आणि या धंद्यात त्यासाठी विमा असतो. पॉलिसीचं काय झालं, हे ठेकेदाराला लेखी विचारा.

पगाराचं उत्तर सरळ आहे. 1936 च्या वेतन कायद्यात होतं तेच 2019 च्या वेतन संहितेत आहे: नुकसानीपोटी कपात करायची तर वस्तू कामगाराच्या ताब्यात सांभाळायला दिलेली हवी, आणि आधी त्याचं म्हणणं ऐकायला हवं. विमान काही तुमच्या पोराच्या ताब्यात दिलं नव्हतं! शिवाय सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाहीत. पूर्ण पगार अडवणं कोणत्याच हिशोबात बसत नाही. सहायक कामगार आयुक्तांकडे अर्ज करा.

पोलिसांची भीती घातली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मधल्या आगळिकीला (दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करण्याच्या गुन्ह्याला) हेतू किंवा जाणीव लागते. ब्रेक न लागणं म्हणजे हेतू नव्हे. निष्काळजीपणाचा आरोप मात्र होऊ शकतो, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय कबुलीजबाब लिहून देऊ नये.

आता तो मेसेज. तुम्ही सहज लिहून गेलात, पण तुमच्या हातातला हुकमी एक्का तोच. फोन विकू नका, रिसेट करू नका, मेसेज डिलीट करू नका. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ फोनही जपून ठेवा. फोनमधला असा पुरावा कोर्टात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्या दिवसाचं ड्युटी रजिस्टर आणि ट्रॅक्टरच्या दुरुस्तीची नोंद रजिस्टर पत्रानं मागा.

चेकचं काम आजच करा. कोरा चेक आणि कोरा स्टॅम्प दबावाखाली घेतले, कोणतंही देणं नाही, असं ठेकेदाराला रजिस्टर एडीनं कळवा आणि बँकेतही अर्ज द्या. नुसतं पेमेंट थांबवून भागत नाही. चेक परत गेल्याची नोटीस आली तर 15 दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलं पाहिजे. तिथं आळस केला तर पुढं खटल्यात आपली बाजू लंगडी पडते. फीची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीत विचारा, किंवा 15100 वर फोन करा.

ठेकेदार कदाचित ‘एक सही कर, पगार सोडतो’ म्हणत मुलाला एकट्याला बोलावेल. तेव्हा तुम्ही सोबत जा, आणि कागद घरी आणल्याशिवाय पेन उघडू देऊ नका.