आधी करार वाच

प्रिय मित्रा,

तुझं कोष्टक नीट पाहिलं. गुण, रिबाउंड, असिस्ट, वय, प्रत्येकाला ठरावीक वजन आणि शेवटच्या रकान्यात एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या उतारवयातल्या स्टारची ट्रेडमधली, म्हणजे संघासंघांतल्या अदलाबदलीतली, किंमत. मेहनत दिसते. खाली तू विचारलंस की केव्हिन ड्युरंटपाशी गणित का बसत नाही. सूत्र चुकलं की ह्यूस्टनच्या संघाला तो जवळजवळ फुकट मिळाला? दोन्ही नाही. तुझ्या कोष्टकात करार नावाचा रकानाच नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रुकलिनने ड्युरंट फिनिक्सला दिला तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. बदल्यात मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, जे क्राउडर, पहिल्या फेरीचे चार बिनशर्त पिक (पिक म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू निवडताना मिळणारी पाळी) आणि २०२८ मध्ये पिक बदलून घेण्याचा हक्क. २०२५ च्या उन्हाळ्यात तोच माणूस ३६ व्या वर्षी ह्यूस्टनला गेला तो जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स, त्या वर्षीचा दहावा पिक आणि दुसऱ्या फेरीचे पाच पिक यांच्या बदल्यात. त्याआधीच्या मोसमात सामन्यामागे २६.६ गुण होते, म्हणजे खेळ गडगडला नव्हता. पण २०२३ मध्ये चालू मोसमाचा उरलेला भाग आणि वर तीन वर्षं हातात होती; २०२५ मध्ये एकच, ५ कोटी ४७ लाख डॉलरचं. भाडेपट्ट्यावरची जागा घेताना पट्टा किती वर्षांचा उरलाय ते आपण आधी विचारतो, फरशी मग पाहतो. इथेही तसंच. आधी करार वाच.

आता लगेच 'वर्षं कमी म्हणजे भाव कमी' असं सूत्र करून मोकळा होऊ नकोस. क्रिस पॉल घे. २०१९ मध्ये तो ३४ चा होता, तीन वर्षांचे सुमारे १२ कोटी ४० लाख डॉलर बाकी होते. ह्यूस्टनने त्याला ओक्लाहोमा सिटीला दिलं आणि रसेल वेस्टब्रुक घेताना वर पहिल्या फेरीचे दोन पिक आणि दोन बदलीहक्क मोजले. वेस्टब्रुकचा स्वतःचा करार त्याहून लांब आणि महाग होता, तरी पिक मोजावे लागले ते पॉल देणाऱ्यालाच. वर्षभराने पॉल एका वर्षाने म्हातारा झाला, आणि ओक्लाहोमाला त्याच्या बदल्यात फिनिक्सकडून खेळाडूंसोबत पहिल्या फेरीचा एक पिक मिळाला. मधल्या मोसमात तो उत्तम खेळला, ऑल-स्टार झाला, हे खरंच. पण घेणाऱ्याच्या डोक्यावरचं एक अवघड वर्षही उतरलं होतं. पुढच्याच मोसमात फिनिक्स अंतिम फेरीत पोचलं.

मग उरलेलं वर्ष भाव चढवतं की उतरवतं? ते वर्ष आलं तेव्हा शरीर साथ देईल असा घेणाऱ्याला भरवसा असेल, तर प्रत्येक वर्ष जमेला. भरवसा संपला की पुढचं प्रत्येक वर्ष खर्चाला. म्हणून वयाचा स्वतंत्र रकाना निरुपयोगी आहे. करार संपेल तेव्हाचं वय लिही. शेजारी गेल्या तीन मोसमांत खेळलेले सामने. आणि त्याचा खेळ कशावर उभा आहे ते: उंचीवरून सुटणारा नेमबाज फटका टिकतो, पहिल्या पावलाचा वेग टिकत नाही. मिलवॉकीच्या डेमियन लिलार्डला एप्रिल २०२५ मध्ये अकिलीसची, म्हणजे टाचेमागच्या स्नायुबंधाची, दुखापत झाली. त्याचा भाव एका रात्रीत गेला, कराराची दोन वर्षं मात्र जागेवरच राहिली. मिलवॉकीने त्याला सोडलं आणि ते ११ कोटी ३० लाख डॉलर पाच वर्षांवर पसरले, वर्षाला सुमारे सव्वादोन कोटी. तो खेळणार नसला तरी तेवढी रक्कम त्यांच्या पगारखर्चात धरली जाते.

पुढचा रकाना घेणाऱ्याचा. २०२५-२६ ची संघाची पगारमर्यादा १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. तिच्या वर एप्रन नावाच्या दोन रेषा असतात, त्या ओलांडल्या की संघावर बंधनं येतात; दुसरा एप्रन २० कोटी ७८ लाखांवर होता. पहिला एप्रन ओलांडलेल्या संघाला जातो त्यापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही. दुसरा ओलांडलेल्याला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. ग्रीन आणि ब्रुक्सच का गेले ते यातून कळतं. दोघांच्या पगारांची बेरीज कर, ड्युरंटच्या पगाराला जवळजवळ चिकटते. पिकचंही तसंच. लागोपाठ दोन भावी वर्षं पहिल्या फेरीच्या पिकशिवाय राहायला नियमाची मनाई आहे, आणि सात वर्षांपलीकडचा पिक देता येत नाही. फिनिक्सने २०२३, २०२५, २०२७, २०२९ असे एकाआड एक का दिले, हे आता तुझं तूच सांगशील.

आणि खेळाडूची मर्जी. ब्रॅडली बीलच्या करारात ट्रेड नाकारण्याचं कलम होतं, म्हणून २०२३ मध्ये त्याला फिनिक्सला देताना वॉशिंग्टनला फिनिक्सचा पहिल्या फेरीचा एकही पिक थेट मिळाला नाही, बदलीहक्कांवर भागवावं लागलं. ड्युरंटकडे असं कलम नव्हतं, पण एकच वर्ष उरलेल्या खेळाडूला ते लागतच नाही. जिथे तो करार वाढवणार नाही, तो संघ चार पिक कशाला देईल? ह्यूस्टनमध्ये त्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन वर्षं, ९ कोटींवर सही केली. बघ, पुन्हा करारच.

मोठं नाव दिसलं की हे सगळं विसरायला होतं. २०१३ मध्ये ब्रुकलिनने बॉस्टनकडून ३७ वर्षांचा केव्हिन गार्नेट आणि ३५ चा पॉल पीअर्स आणले. दिले काय, तर २०१४, २०१६, २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक आणि २०१७ चा बदलीहक्क. पीअर्सच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं! वर्षभराने तो निघून गेला. गार्नेटने पहिल्या मोसमात सामन्यामागे ६.५ गुण केले. त्या पिकांतून बॉस्टनकडे जेलन ब्राउन आला, जेसन टेटम आला. ही चूक म्हातारे खेळाडू घेण्याची नव्हे. एका वर्षाच्या मालाला पाच वर्षांचं भविष्य मोजण्याची होती.

माणसाला कागदात गुंडाळतो, असं मला नेहमी ऐकवतात. मला हे अजिबात पटत नाही. 'ड्युरंट स्वस्तात गेला म्हणजे संपला' असं म्हणणाऱ्यांनीच खेळाडूचा अपमान केला. करार वाचणाऱ्याला ठाऊक असतं की स्वस्त झालं ते उरलेलं एक वर्ष, तो माणूस नव्हे. वय आणि गुण यांच्या जोरावर भाव सांगण्यात माझी फुकट गेलेली वर्षं परत येत नाहीत. तुझी जाऊ नयेत म्हणून इतकं टोचून लिहितोय.

कोष्टक पुन्हा मांड. उरलेली वर्षं, शेवटच्या वर्षाचा पर्याय कुणाच्या हातात, ट्रेड झाल्यास पगारवाढीचं कलम आहे का, नकाराचं आहे का, करार संपेल तेव्हाचं वय, तीन मोसमांतले सामने. मग घेणाऱ्या तीन संघांची नावं आणि ते कुठल्या एप्रनखाली आहेत. गुणांचा रकाना त्यानंतर. पहिली चाचणी लेब्रॉन जेम्सच्या २०२५-२६ च्या करारावर घे: पगार ५ कोटी २६ लाख डॉलर, करार त्या मोसमापुरता, नकाराचं कलम हातात होतं. आकडा किती येतो ते कळव.