शिरेतून दिले जाणारे लोह आणि ‘नॅनो’ची धास्ती

आपल्या बहिणीचे हिमोग्लोबिन गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात ८ वर आले असून डॉक्टरांनी आयर्न सुक्रोज शिरेतून द्यायचे ठरवले आहे, आणि हे धातूच्या नॅनोकणांचे औषध असल्याचे वाचून घरची मंडळी धास्तावली आहेत, असे आपण लिहिले आहे. त्याऐवजी कोणी ‘नॅनो सिल्व्हर’चे थेंब सुचवले आहेत, म्हणून रुग्णालयाच्या औषधालयातील अनुभवावरून जरा सविस्तर लिहितो.

आपण वाचलेले खरे आहे, परंतु हे औषध सुरक्षितपणे देता येते ते त्या कणांमुळेच. मोकळे लोह रक्तात एकदम सोडले तर ते पेशींना इजा करते; म्हणून लोहाच्या हायड्रॉक्साइडचा काही नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) गाभा करून त्याला साखरेचे वेष्टन दिलेले असते. असा कण यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा येथील भक्षक पेशी गिळतात, तो फोडतात आणि त्यातील लोह बेताबेताने ट्रान्स्फेरिन या रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या हवाली करतात. जुन्या झालेल्या तांबड्या पेशींमधील लोहही याच पेशी रोज परत वापरात आणत असल्यामुळे शरीराला ही वाट परकी नाही.

जपायचे ते देण्याच्या पद्धतीत. औषध गडद तपकिरी आणि बरेच अल्कधर्मी असते; ते फक्त नॉर्मल सलाइनमध्ये मिसळायचे, दुसरे कोणतेही औषध त्याच बाटलीत घालायचे नाही. घाईने सोडल्यास रक्तदाब उतरू शकतो, आणि सुई शिरेतून सरकली तर त्वचेवर तपकिरी डाग पडतो, जो महिनोन्महिने जात नाही. म्हणून सुईच्या जागी चुरचुरले किंवा सूज वाटली तर बहिणीने संकोच न करता लगेच सिस्टरांना सांगावे. तीव्र अ‍ॅलर्जी क्वचित होते, पण होऊ शकते. त्यामुळे हे इंजेक्शन घरी घेऊ नये आणि सलाइन संपल्यावर किमान अर्धा तास रुग्णालयातच थांबावे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अशा औषधात घटकद्रव्याचे नाव सारखे असले तरी गाभा आणि वेष्टन घडवण्याच्या पद्धतीनुसार दोन कंपन्यांची औषधे वेगळी वागू शकतात. फ्रान्समध्ये डायलिसिसच्या रुग्णांना मूळ औषधाऐवजी त्यासारखे दुसरे दिले गेले, तेव्हा हिमोग्लोबिन घसरल्याचे आणि औषध जास्त लागल्याचे आढळले होते. तेव्हा प्रत्येक वेळी कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक कार्डावर लिहून घ्या, आणि शक्यतो सर्व डोस एकाच कंपनीचे घ्या.

धातूचे नॅनोकण आपल्या घरात आधीच येऊन गेले असतील. गर्भधारणेच्या बहुतेक चाचणीपट्ट्यांवर उमटणारी गुलाबी रेघ सोन्याच्या नॅनोकणांची असते. इतक्या बारीक आकारात सोने पिवळे न दिसता लाल दिसते. नॅनोकणांनी कर्करोगावर उपचार करण्याच्या बाबतीत मात्र बातम्यांच्या मानाने वाटचाल संथ आहे. २०१६ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी दहा वर्षांतील प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी साधारणपणे केवळ ०.७ टक्के गाठीपर्यंत पोहोचल्याचे दिसले. हाफ्नियम या धातूच्या ऑक्साइडचे कण थेट गाठीत टोचून मग किरणोपचार देण्याच्या पद्धतीला युरोपात २०१९ मध्ये मान्यता मिळाली, तीही मऊ ऊतींच्या विशिष्ट सार्कोमापुरती (सार्कोमा हा कर्करोगाचा एक प्रकार).

चांदीचे थेंब मात्र कृपा करून देऊ नका. जखमेवरील पट्टीत चांदीचा उपयोग आहे, कारण तेथे ती जंतूंना थेट भिडते. पोटात घेतलेली चांदी लोहाची कमतरता भरून काढत नाही. दीर्घकाळ घेतल्यास ती त्वचेत साठून कायमची निळसर-करडी छटा येते. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९९९ मध्येच विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या कोलॉइडल सिल्व्हरच्या (द्रवात तरंगणाऱ्या चांदीच्या अतिबारीक कणांच्या) औषधांना सुरक्षित व परिणामकारक मानण्यास नकार दिला. बाळंतपण जवळ आलेले असताना हाती असलेले आठवडे त्यात घालवणे धोक्याचे आहे. इंजेक्शने चालू असताना लोहाच्या गोळ्या थांबवायच्या का, आणि शेवटच्या डोसनंतर हिमोग्लोबिन कधी तपासायचे, हे पहिल्या डोसच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.